द्वेषोक्तीचे भाषांतर

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो, निमंत्रणपत्रिकेवर 'द्वेषोक्तीचे कायदे आणि समाजमाध्यमांवरील अभिव्यक्तिस्वातंत्र्य' असा भारदस्त विषय छापलेला आहे. मला मिळालेल्या वेळातील पहिली काही मिनिटे मात्र मी एका शिवीवर खर्च करणार आहे. पुढच्या रांगेतील ज्येष्ठांनी क्षमा करावी.

माझ्या पुतण्याने नवी दुचाकी घेतली आणि हेल्मेटविना तिच्यावर बसलेला फोटो एका समाजमाध्यमावर टाकला. त्याखाली मी लिहिले, "मुडदा बशिवला तुझा, डोक्यावर काही घाल की!" माझी आजी दिवसातून दहा वेळा आम्हां भावंडांचे मुडदे बशिवत असे आणि संध्याकाळी त्याच मुडद्यांना मांडीवर घेऊन तूपभात भरवत असे. माझे वाक्य मात्र त्या माध्यमाच्या यंत्राच्या लेखी हिंसाचाराची धमकी ठरून काही मिनिटांत नाहीसे झाले आणि खाते तीन दिवस बंद पडले. मी दाद मागितली. ताट वाढून होईपर्यंत निकाल आला की निर्णय कायम आहे. ज्याला ही धमकी दिली होती त्यानेच चौथ्या दिवशी फोन करून विचारले, "काका, रागावलात का? हल्ली काही लिहीत नाही तुम्ही!"

तुम्ही हसलात, पण माझा मुद्दा इथेच आहे. द्वेषोक्तीचा निवाडा बहुतेक वेळा मूळ भाषेत होत नाही, भाषांतरात होतो, आणि ही तक्रार यंत्रांच्या आधीची आहे. 1908 साली 'केसरी'तील 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या अग्रलेखांवरून टिळकांवर खटला चालला, तेव्हा ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. मराठी लेखांचा हेतू त्यांना इंग्रजी भाषांतरावरून ठरवायचा होता. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेऊन एकेका मराठी शब्दाचा कीस पाडला आणि पुढे एकवीस तासांहून अधिक काळ स्वतःची बाजू मांडली. निकाल सात विरुद्ध दोन लागला. तेव्हा राजद्रोहाच्या 124-अ कलमाबरोबर, वर्गावर्गांत वैर पसरवण्याचे 153-अ कलमही लावलेले होते, आणि हे दुसरे कलम टिळकांवरील राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यानंतरच्या वर्षी, 1898 मध्ये, भारतीय दंड संहितेत आले होते. आज तेच, त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत, 196 या क्रमांकाने नांदत आहे. घर बदलले, भाडेकरू तोच!

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे पत्रिकेवरचा विषय आता धावत्या गाडीतून दाखवतो.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66-अ कलमात 'त्रासदायक', 'गैरसोयीचे' अशा शब्दांवर तीन वर्षांची कैद टांगलेली होती. नोव्हेंबर 2012 मध्ये मुंबई बंद असताना त्याविषयी फेसबुकवर लिहिणाऱ्या पालघरच्या एका तरुणीला आणि ते 'लाइक' करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली, ती कोणाला त्रास झाला म्हणून. 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले आणि चर्चा, पुरस्कार व चिथावणी अशा तीन पायऱ्या सांगून, चर्चा किंवा पुरस्कार चिथावणीपर्यंत पोहोचला तरच कायद्याने हात घालावा असे म्हटले. तरीही रद्द झालेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले, म्हणून 2022 मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले.

याचा अर्थ द्वेष पसरवणाऱ्याला मोकळे सोडावे असा नाही. वस्तीवर जमाव चालून जावा म्हणून केलेले भाषण ही चिथावणीच आहे आणि तिथे पोलिसांनी तक्रारीची वाट पाहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये सर्व राज्यांना सांगितले आहे. मात्र 196 कलमाखालच्या गुन्ह्याची न्यायालयाने दखल घेण्यासाठी सरकारची मंजुरी लागते, आणि वक्ता सरकारच्या पंगतीतला असेल तर ती फाईल कोणत्या टेबलावर झोपते हे सभागृहातील वकिलांना मी सांगायला नको. विधी आयोगाने 2017 च्या 267 व्या अहवालात द्वेषोक्तीसाठी स्वतंत्र कलमे सुचवली. माझी मागणी त्याहून लहान आहे. आरोपपत्रासोबत मूळ मजकूर त्याच्या भाषेत आणि आगेमागे काय लिहिले होते त्यासह जोडावा, आणि ती बोली घरी बोलणाऱ्या एका माणसाची साक्ष आरोपनिश्चितीपूर्वी घ्यावी. समाजमाध्यम कंपन्यांवर जबाबदारी टाकणारे माहिती तंत्रज्ञान नियम, 2021 राहिलेच. त्यांच्याविषयी प्रश्नोत्तरांत विचारा. दुसरी चिठ्ठी निघालेली मला इथून दिसते आहे.