आवकेच्या भरवशावर तालीम

रात्रीचा दीड. तुर्भ्याच्या भाजीबाजारात गाड्या लागायला लागल्यात. मानेवर कोबीची गोण घेऊन फळीवरून उतरतोय तो पैलवान. गाव पाटण खोऱ्यातलं, वय पंचविशीच्या आत. फळी लवतेय, पण त्याचे गुडघे फाकत नाहीत. तालमीतला पाय आहे तो.

मुंबईचा भाजीबाजार 1996 साली भायखळ्याहून इथं आला. सातारकडची माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून ही ओझी वाहताहेत. 1969चा माथाडी कायदा त्यांच्याच लढ्यातून आला. हमालीचे दर, भविष्य निर्वाह निधी, बोनस, सगळ्याला त्यानं शिस्त लावली. झोपेची वेळ मात्र आजही आवक ठरवते. घाटात गाड्या अडकल्या की दोनचं काम चारला सुरू. माल कमी आला की टोळी पहाटेच मोकळी. घड्याळ लावून जेवायचं आणि मेहनत करायची, हे इथं जमत नाही.

म्हणून यानं खुराक घड्याळावरून काढून झोपेला बांधलाय. उठला की पहिलं मोठं जेवण, मग ते दुपारी बाराला असो नाहीतर तीनला. हे बघा: ज्वारीच्या दोन भाकरी, मोडाच्या मटकीची उसळ, चार उकडलेली अंडी, वाटीभर दही. खोलीत सहा जण राहतात, भाकरी थापायची पाळी आज याची. झोपायला जाताना भिजत घातलेले बदाम आता फुगलेत. सालं काढून खसखस, बडीशेप, मिरीबरोबर कुंडीत घोटायचे. घाई केली की थंडाई रवाळ राहते, आणि मग अण्णा बोलणार. अण्णा म्हणजे चुलतभाऊ, या खोलीचे जुने पैलवान.

बाजारात जाताना डब्यात एकच भाकरी, थोडी उसळ, दोन केळी. मध्यरात्रीनंतर शरीर साखर नीट पचवत नाही, म्हणून तेव्हा पोटभर जेवण नको. वडापावची गाडी बाजूलाच आहे. टोळीतले सगळे खातात, हा चहावर भागवतो. तोही तीनच्या आत, नाहीतर सकाळी डोळा लागत नाही.

आता तालीम. वस्तादांचं म्हणणं, “गोणी उचलून पैलवान होत असता, तर अख्खा बाजार गदा घेऊन फिरला असता.” खरंच आहे. ओझं मणके दाबतं, मान आखडते. म्हणून इथं दोरी चढणं जास्त, लोंबकळणं जास्त. आदल्या रात्री गाड्या फार लागल्या असतील तर बैठका निम्म्यावर, आणि नुसती डावांची उजळणी. हा ढाक बघा. पुन्हा एकदा, सावकाश. खांदा आत जातो, कंबर फिरते, समोरचा मातीत.

कामावरून सुटल्या सुटल्या मात्र जोर मारायचे नाहीत. आधी झोप. ती सलग मिळत नाही, दोन तुकड्यांत घेतो. खिडकीला गोणपाट लावलंय, फोन अण्णांकडे.

रात्रीच्या कामानं पुढं शुगर, रक्तदाब, कंबरदुखी मागे लागते, हे बाजारातले पन्नाशीचे लोक सांगतातच.

चैत्रात गावची जत्रा आहे. कुस्ती ठरलीय, मुकादमानं रजाही दिलीय. तेवढ्या दिवसांसाठी बदलीचा माणूस मात्र यानंच शोधायचाय.