अकिलीसची समजूत

श्रोतेहो, नमस्कार. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या 24 सर्गांपैकी नवव्या सर्गाविषयी आज बोलायचे आहे. ट्रॉयच्या किनाऱ्यावर ग्रीक सैन्य हवालदिल झाले आहे, कारण सेनापती ॲगमेम्नॉनने अकिलीसला भर सभेत बजावून त्याच्या वाट्याला आलेली युद्धबंदी स्त्री ब्रिसेइस काढून नेली आहे आणि हा सर्वश्रेष्ठ योद्धा लढाई सोडून आपल्या गोटात बसला आहे.

अखेर वृद्ध नेस्टरच्या सल्ल्यावरून ॲगमेम्नॉन नजराणे जाहीर करतो: अजून चुलीवर न चढलेल्या 7 तिवया, सोन्याचे 10 टॅलेंट (टॅलेंट हे तेव्हाचे एक वजन), 20 हंडे, शर्यती जिंकलेले 12 घोडे, ब्रिसेइस तर परत मिळेलच, शिवाय पुढे आपल्या 3 मुलींपैकी एक आणि 7 नगरे. एवढे देऊन झाल्यावर मात्र त्याला राहवत नाही. मी अधिक मोठा राजा आहे आणि वयानेही वडील आहे, तेव्हा त्याने माझ्यापुढे नमावे, असे तो शेवटी सुनावतोच.

हा निरोप घेऊन ओडिसियस, फिनिक्स आणि अजॅक्स हे ग्रीक अकिलीसकडे जातात. चतुर ओडिसियस ही सारी यादी त्याच्यापुढे जवळजवळ शब्दशः म्हणतो आणि नेमके हे शेवटचे बोलणे गाळतो. त्याऐवजी, सेनापतीचा द्वेष वाटत असला तरी बाकीच्या गांजलेल्या ग्रीकांची तरी दया कर, असे तो विनवतो. मुत्सद्देगिरी म्हणून हे बिनतोड आहे. पण मनात एक आणि ओठांवर दुसरे ठेवणारा माणूस मला पाताळाच्या दारांइतका नकोसा वाटतो, असेच अकिलीस उत्तराच्या आरंभी म्हणतो. गाळलेल्या शब्दांचा त्याला वास आला असावा, अशी मला शंका आहे. सगळे नजराणे झिडकारून, उद्या गलबते घेऊन घरी निघतो, असे तो सांगतो.

मग त्याला लहानपणी सांभाळलेला फिनिक्स बोलतो. मांडीवर बसवून मांस कापून भरवताना तू माझ्या छातीवर द्राक्षारस सांडायचास, ही त्याची आठवण कोणत्याही नजराण्यापेक्षा जड आहे. अकिलीस थोडा सैलावतो: जायचे की राहायचे, ते सकाळी ठरवू.

शेवटी बोलतो तो अजॅक्स, आणि तोही आधी ओडिसियसकडे वळून, चला, निघू या, असे म्हणतो. भावाच्या खुन्याकडूनही माणसे भरपाई घेऊन राग आवरतात, याला मात्र मित्रांच्या मायेची किंमत नाही, एवढेच त्याचे रोखठोक म्हणणे. ते पटते, पण तो अपमान आठवला की संताप उसळतो, असे अकिलीस कबूल करतो. ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर माझ्या माणसांच्या गलबतांपर्यंत येईस्तोवर मी लढणार नाही, असे तो म्हणतो. परत जाण्याची भाषा आता उरलेली नाही. म्हणून ही शिष्टाई साफ फसली, असे मला म्हणवत नाही.

ओडिसियस मात्र परतल्यावर ॲगमेम्नॉनला निघून जाण्याची पहिली धमकीच तेवढी ऐकवतो. सभा सुन्न होते आणि डायोमिडीज हा ग्रीक योद्धा वैतागून म्हणतो, त्याची विनवणी करायलाच नको होती. तो मुळातच गर्विष्ठ, तुम्ही त्याचा ताठा आणखी वाढवलात.