न मिळालेल्या उत्तरांचं काय करायचं?

मित्रहो, स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंग, म्हणजे अनेक गोष्टींचे एकमेकांवरचे परिणाम एकत्र मोजणारी संख्याशास्त्रीय पद्धत, म्हटलं की आपण आधी बाण आणि वर्तुळं काढायला बसतो. माझी विनंती आहे, आधी फाइलमधल्या रिकाम्या चौकटी बघा. समजा, मिरकरवाड्यापासून हर्णैपर्यंतच्या मच्छीमार कुटुंबांना आपण मिळकत, कर्ज, मानसिक ताण यांवरचे 20 प्रश्न विचारले. दर प्रश्नाला 5 टक्केच उत्तरं गळली, तीही कुठेही विखुरलेली. तरी वीसच्या वीस उत्तरं देणारे उरतात जेमतेम 36 टक्के!

लावान या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरला तुम्ही काही सांगितलं नाहीत, तर एका उत्तरापायी ते अख्खा माणूस वगळतं. निकालाच्या वरच्या भागात 'यूज्ड' (वापरलेले) आणि 'टोटल' (एकूण) असे माणसांचे दोन आकडे शेजारी छापलेले असतात. आपण मात्र थेट फिट इंडेक्सकडे, म्हणजे मॉडेल माहितीशी किती जुळतं त्या आकड्यांकडे, धावतो. त्या दोन आकड्यांपाशी थांबा, आणि गेलं कोण ते शोधा. ऐन हंगामात वाडीवर गेलात तर खलाशी समुद्रावर असतो आणि घरची बाई मिळकतीचा आकडा सांगायला कचरते. म्हणजे वगळली जातात ती नेमकी मासेमारीवर जगणारी घरं, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. मला हे फार लागतं.

संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी 1976 साली या प्रश्नाला शिस्त लावली. उत्तर निव्वळ योगायोगानं गळलं, की आपल्याकडे नोंद असलेल्या एखाद्या गोष्टीमुळे, की त्या न सांगितलेल्या आकड्यामुळेच? या तीन स्थिती. होडी बिगरयांत्रिक की ट्रॉलर, हे ठाऊक असेल आणि एकाच प्रकारच्या होडीवाल्यांत गप्प राहण्याचा मिळकतीशी संबंध नसेल, तर दुसरी स्थिती. तिथे फुल इन्फर्मेशन मॅक्सिमम लाइकलीहुड ही अंदाज काढण्याची पद्धत उत्तम चालते, मात्र होडीचा प्रकार विश्लेषणात हवा. ही पद्धत रिकाम्या जागी काही भरत नाही. ज्यानं जेवढं सांगितलं तेवढ्यावरून त्याचा वाटा मोजते. सरासरी भरणं मात्र सोडाच, त्यानं विचरण, म्हणजे आकड्यांचा पसारा, खोटं आकसतं.

एमप्लस हे दुसरं सॉफ्टवेअर ही पद्धत बहुतेक वेळा आपणहून वापरतं. एमॉस या तिसऱ्यामध्ये त्यासाठी सरासरी आणि इंटरसेप्टच्या पर्यायावर खूण करावी लागते, आणि मग मॉडिफिकेशन इंडेक्स, म्हणजे मॉडेल कुठे सुधारता येईल ते सुचवणारे आकडे, मिळत नाहीत. लावानमध्ये ही पद्धत मागूनही एक खाच उरते: बाहेरच्या कारक चलाचीच, म्हणजे मॉडेलमध्ये ज्याच्याकडे कुठलाच बाण येत नाही अशा कारणाचीच, किंमत नसेल, तर तो माणूस तरीही गळतो. ते टाळायला 'फिक्स्ड एक्स' हा पर्याय बंद करावा लागतो.

तिसऱ्या स्थितीत, म्हणजे कमी कमावणाराच मिळकत लपवत असेल तर, कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला सावध करणार नाही. तिथे वेगवेगळी गृहीतकं धरून निकाल किती हलतो ते पाहावं लागतं.

म्हणून फॉर्मवरच तीन वेगळे कोड ठेवा: घरी नव्हते, सांगायचं नाही, लागू नाही. आणि ते गहाळ म्हणून जाहीर करा, नाहीतर कोड म्हणून लिहिलेला उणे 99 ही कुणाची तरी मिळकत ठरेल. 'लागू नाही'कडे विशेष लक्ष द्या. ज्याच्याकडे होडीच नाही, त्याचं होडीवरचं कर्ज गहाळ नाही, ते अस्तित्वातच नाही. त्या घरांसाठी मॉडेलच वेगळं मांडा.