उभ्यानं

[खातं, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. मागांचा आवाज दहा सेकंद तसाच ठेवायचा. निवेदन त्यानंतर.]

सकाळचे सात. पाळी बदलतेय.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसला 1904 साली. त्यानंतर माग बदलले, मालक बदलले, कापड बदललं. मागासमोरची जागा मात्र उभ्या माणसाचीच राहिली. धोट्यातली आडव्या सुताची कांडी संपली की बदलायची, सुताची तार तुटली की गाठ मारायची, की लगेच पुढचा माग. पाळी बारा तासांची आणि मजुरी मीटरवर. बसून कसं भागेल?

माणूस सारखा या मागावरून त्या मागावर जातो, म्हणजे चालणं तर होतंच, असं आम्हालाही वाटलं होतं. कॅमेरा खाली आणून पायांवर लावला तेव्हा कळलं. दोन पावलं इकडे, दोन तिकडे. मधे नुसतं उभं.

[पँट गुडघ्यापर्यंत वर. पोटरी जवळून.]

ही शीर बघा. गुडघ्याच्या आतल्या बाजूनं निघालीय, वेटोळी घेत घोट्यापर्यंत उतरलीय. डॉक्टर याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. खात्यात म्हणतात, शिरा फुगल्यात. घोट्याच्या वर कातडी कॉफीच्या रंगाची झालीय, तिकडेही लक्ष असू द्या.

पायात आलेलं रक्त परत वर चढवायचं काम पोटरीचं. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, रक्त वर ढकललं जातं, आणि शिरेतल्या छोट्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. नुसतं उभं राहिलं की घोट्याजवळच्या शिरेत साधारण 90 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. चालायला लागलं की तो 30 च्या आसपास किंवा त्याखाली येतो. झडप निकामी झाली की चालूनही पुरेसा उतरत नाही. आई-वडिलांकडून आलेला कल, बाळंतपणं, वजन, वय, हे सगळं यात असतं. पण या गावात उभं राहणं सोडून बोलता येणार नाही.

[डॉपलर, म्हणजे शिरेतलं रक्त कुठल्या दिशेला वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी. पडदा पूर्ण चौकटीत.]

आता हा पडदा नीट बघा, सगळं उत्तर इथं आहे. डॉक्टरांनी हातानं पोटरी दाबली, निळा रंग वर गेला. हात सोडला. रंग थांबायला हवा होता. त्याऐवजी लाल उमटला आणि राहिलाच. म्हणजे रक्त उलटं खाली येतंय. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ आलं, तर झडप गळकी.

एक गोष्ट बघितलीत? पेशंट उभा आहे. याच पायाची तपासणी आधी एका ठिकाणी झाली होती, टेबलावर झोपवून. रिपोर्ट नॉर्मल. झोपलेल्या माणसाच्या पायात रक्त खाली यायला ओढ कुठून असणार? डॉपलरला गेलात आणि झोपवूनच सोडलं, तर उभ्यानं करा म्हणून सांगा. डॉक्टर रागावले तरी चालेल.

दिसते ती फुगलेल्या शिरेची गाठ पोटरीत, गळती बहुतेक वेळा जांघेत. नुसत्या गाठी काढून गळती तशीच ठेवली तर शिरा पुन्हा फुगतात.

[ऑपरेशन थिएटर.]

पायावर पेननं खुणा केल्यात, त्याही उभ्यानंच. आडवं झालं की शिरा दबून जातात.

गुडघ्याजवळ एक सुई. सोनोग्राफीत बघत तिच्यातून बारीक नळी आत, थेट जांघेपर्यंत. टोक मुख्य खोल शिरेपासून दोनेक सेंटिमीटर अलीकडे थांबवलंय. आता शिरेच्या भोवतीनं थंड सलाइन आणि भुलीचं औषध भरतात. या भागाला वेळ लागतो आणि टोचतंही, पण शीर नळीवर आवळली जाते, कातडी दूर होते, भाजत नाही.

मग मशीन. हे रेडिओफ्रिक्वेन्सीचं, रेडिओ लहरींच्या ऊर्जेनं नळीचं टोक तापवणारं. सात सेंटिमीटरचा तुकडा, 120 अंश, 20 सेकंद. नळी मागे ओढायची. पुन्हा 20 सेकंद. लेसरमध्येही काम तेच, फक्त उष्णता प्रकाशाच्या तारेतून येते. दोन्हींत शीर आतून मिटते आणि पुढच्या काही महिन्यांत शरीर ती शोषून घेतं.

शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून? हा प्रश्न आम्हाला प्रत्येकानं विचारला. पायातल्या रक्ताचे दहातले नऊ भाग मुळात खोल शिरांतून जातात. त्या मोकळ्या आहेत की नाही हे डॉपलरवर आधीच पाहिलेलं असतं.

खालच्या गाठींना दोन-तीन मिलिमीटरची चीर आणि आकडी. वहिफणीत, म्हणजे मागावरच्या तारा ओवायच्या फणीत, तार ओढायची आकडी असते ना, जवळजवळ तशीच. आमचा पेशंट मान उचलून तीच बघत होता.

[दोन सिरिंज, मधे तीन तोंडांची तोटी.]

हा फोम. पोलिडोकॅनॉल नावाचं औषध आणि हवा या सिरिंजमधून त्या सिरिंजमध्ये वीसेक वेळा ढकलतात, दाट पांढरा फेस होतो. तो शिरेत सोडला की शीर आतून चिकटते. वाकड्या शिरांना, आधी ऑपरेशन झालेल्यांना आणि वय झालेल्यांना उपयोगी. कधी कधी पुन्हा द्यावा लागतो.

ग्लूही मिळतो, फेव्हिक्विकच्याच जातीचा. त्यात मांडीभर सुया नाहीत, पण खर्च मोठा आणि काहींना ॲलर्जी येते.

आणि जुनी पद्धत, जांघेत कापून शीर तारेवर ओढून काढायची. ही तार 1907 पासून आहे. वाईट नाही, अजून होते. पण घरी बसायचे दिवस जास्त, आणि मीटरवर मजुरी असणाऱ्याचा हिशेब तिथंच बिघडतो. ब्रिटनच्या 2013 च्या मार्गदर्शिकेतही क्रम असाच आहे: आधी उष्णता, ती जमत नसेल तर फोम, मग शस्त्रक्रिया.

[मोजे चढवताना.]

हे घट्ट मोजे. पावलात प्लॅस्टिकची पिशवी घातली की मोजा सरकतो, मग पुढून पिशवी ओढून घ्यायची. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी. मोज्यांनी सूज आणि जडपणा कमी होतो, झडप दुरुस्त होत नाही. पायाच्या धमन्या तुंबलेल्या असतील तर मोजे घालायचेच नाहीत, आधी घोट्याची नाडी बघून घ्यायची.

दुखणं अंगावर काढलं तर कातडी काळी पडते आणि घोट्याजवळ जखम होते. शीर फुटून रक्त आलंच तर आडवं व्हा, पाय वर, बोटानं दाबून धरा, आणि दवाखाना गाठा.

[खात्यात कांड्या भरणाऱ्या मावशी. त्यांच्या घोट्याच्या जखमेचं ड्रेसिंग. निवेदन नाही. पंधरा सेकंद.]

[दवाखान्याचा कॉरिडॉर.]

टेबलावरून उतरल्यावर पहिलं काम, अर्धा तास चालणं. हे चालणं आम्ही पूर्ण चित्रित केलंय, थोडंच दाखवतोय. तिसऱ्या फेरीला आमच्या पेशंटनं डॉक्टरांना दुसऱ्या पायाचं विचारलं.

[खातं. संध्याकाळची पाळी.]

आठव्या दिवशी ते कामावर आले. मोजे पँटखाली आहेत, दिसत नाहीत. चौथ्या मागाशेजारी कांड्यांची रिकामी पेटी उपडी ठेवलीय. तिच्यावर अजून कोणी बसलेलं आम्हाला मिळालं नाही.