वाळूत खुंटी मारू नका! (माझा तंबू उडाला त्याची गोष्ट)

नमस्कार मंडळी. आवाज येतोय ना? खाली रिक्षावाला हॉर्न मारतोय, त्याला इलाज नाही.

थरच्या वाळवंटातले रात्रीच्या ताऱ्यांचे फोटो टाकल्यापासून इनबॉक्समध्ये तेच ते चाललंय. "दादा एकटाच गेलतास? तंबू कुठला? भीती नाही वाटली?" आणि एक पठ्ठ्या म्हणतोय, "काय बे, सोलापुरात ऊन कमी पडलं काय?" नाही रे बाबा. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३-४४ ला टेकतो, ऊन शिकायला मला जैसलमेरला जायची गरज नाही. मी डिसेंबरात गेलो, थंडीनं कुडकुडलो.

सोप्या गोष्टी आधी उरकतो. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून जोधपूर, पुढं जैसलमेर. सगळे जातात ते सम गावच्या वाळूला, शहरापासून चाळीसेक किलोमीटर. तिथं रात्री डीजे असतो. मी खुरी गावाच्या बाजूला गेलो, गावात विचारलं, वनखात्याच्या हद्दीबाहेर एकाच्या जमिनीवर त्याला सांगून तंबू टाकला. तिथल्या वाळवंट राष्ट्रीय उद्यानात वनखात्याची परवानगी लागते, सीमेकडच्या भागाची वेगळी. ड्रोन घरी ठेवा. पाणी माणशी दिवसाला पाच लिटर धरा. जेवायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आठ दिवस काही होत नाही, चूल नको, गॅस नको. झालं.

आता मुद्द्याचं. तंबू.

पहिल्या संध्याकाळी मी तंबूसोबत आलेल्या खुंट्या ठोकल्या. ॲल्युमिनियमच्या, वीतभर. वाळूत अशा गेल्या जशी लोण्यात सुरी. मी खूश! दोऱ्या ताणल्या, कॅमेऱ्याची बॅग बाहेर काढून ट्रायपॉड लावायला टेकडीवर गेलो. वारा सुटला. मागं वळून बघतो तर तंबू चाललाय. पतंगासारखा नाही हो, म्हशीसारखा, लोळत लोळत. मी मागं, तंबू पुढं. एका झुडपात अडकला म्हणून सापडला. आत दोन घमेली वाळू.

जमिनीचा मालक, वयस्कर माणूस, उंटावरून चालला होता. पोटभर हसला. मग उतरला, एक जाड फांदी घेतली, दोरी तिच्या मधोमध बांधली आणि फांदी आडवी पुरली, कोपरभर खोल. वर पायानं वाळू दाबली. मला म्हणाला, ओढ. मी दोन्ही हातांनी ओढलं, हलेना. खुंटी मारायची नाही, पुरायची. एवढंच आहे सगळं.

हे का होतं? आपल्या काळ्या मातीत खुंटा मारला की बैल झटका देऊन दमतो, कारण माती खुंट्याला चिकटून बसते. कोरडी वाळू कशालाच चिकटत नाही. उभी खुंटी सुळकन वर येते. आडवी पुरलेली वस्तू वर यायची तर तिच्यावरची सगळी वाळू उचलावी लागते. म्हणजे तुमचा तंबू खुंटीनं धरलेला नसतोच, वाळूच्या वजनानं धरलेला असतो.

हे मी आधीच्या शॉर्टमध्ये सांगितलं, तरी खाली कमेंट काय? "दादा, लांब खुंटी घ्यायची, फूटभराची." अरे! मी काय म्हणालो? लांबीचा प्रश्नच नाही. उसाचं कांडं उभं खुपसून ओढून बघा, आणि तेच आडवं पुरून ओढा. नदीकाठच्या वाळूत करून बघा आणि मग भांडायला या.

दर वेळी फांदी कुठून आणणार? खेजडीची तर तोडूच नका, तिकडं ते झाड देवासारखं जपतात. आपण दसऱ्याला जिची पूजा करतो ती शमी, तीच ही. म्हणून दुसऱ्या खेपेला कापडी पिशव्या नेल्या. आईनं जुन्या सोलापुरी चादरीच्या सहा शिवून दिल्या. पिशवीत वाळू भरा, तोंड बांधा, दोरी बांधा, पुरा. दोरी तंबूकडं तिरकी गेली पाहिजे, सरळ वर नाही. सरळ वर ओढलं तर पिशवीसुद्धा निघते, हे मी करून बघितलंय.

ट्रायपॉडलाही हाच नियम. टोकदार पाय वाळूत हळूहळू खचतात. वीस सेकंदांचं एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा तेवढा वेळ उजेड आत घेत असताना, केसभर जरी खचला तरी तारा ठिपका न राहता रेघ होतो. माझे पहिल्या रात्रीचे चाळीस फोटो असेच गेले. उपाय? चटणीच्या डब्यांची तीन झाकणं, प्रत्येक पायाखाली एक. फोटोत काही दिसत नाही, चटणी मात्र सांडते.

"आकाशगंगेचा तो झगझगीत मधला पट्टा का नाही काढलास?" डिसेंबरच्या मध्यापासून सूर्य धनु राशीत असतो, आणि तो भाग त्याच दिशेला. सूर्यासोबत उगवतो, सूर्यासोबत मावळतो. त्यासाठी उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे उठा. मार्गशीर्षातल्या अमावस्येला मला मृग आणि व्याध मिळाले, तक्रार नाही. फोटो काढणाऱ्यांसाठी कॅमेऱ्याचे आकडे: २० मिमीची लेन्स, ॲपर्चर एफ २.८, आयएसओ ३२००. राखीव बॅटऱ्या झोपायच्या पिशवीत घेऊन झोपा, थंडीत लवकर उतरतात. लेन्स उघड्यावर बदलू नका, याच्यावर मी परत बोलणार नाही.

आणि हो, माळढोक. "फोटो कुठंय?" नाही मिळाला. शाळेत असताना आम्हाला नान्नजला सहलीला नेलं होतं, माळढोक दाखवायला. तिथंही दिसला नव्हता. तिकडं त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी आहे. एक पक्षी मला दोन राज्यांत हुलकावणी देतोय. जीप घेऊन त्याच्या मागं लागणाऱ्यांचे व्हिडिओ मला पाठवू नका, मी बघत नाही.

शेवटचं, पुरलेल्या पिशवीच्या दोरीचं टोक वर ठेवा आणि त्याला रंगीत चिंधी बांधा. मी पाच पिशव्यांना बांधली, सहाव्याला कंटाळा केला. रात्रभर वारा होता. सकाळी तंबू जागेवर, पण त्या कोपऱ्यातली दोरी गाठीपाशी तुटलेली आणि वर सगळं सपाट. तासभर ताटलीनं उकरत होतो. आई अजून विचारते, "सहावी कुठंय रे?"