झीज आणि भर

(दृश्य: जानेवारीतील सोलापूर. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने माणसे कामावर निघाली आहेत. तेथून दृश्य एका दवाखान्याच्या व्हरांड्यात येते.)

सोलापुरात अस्थिरोगतज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर अर्धा तास बसले, तर एकच शब्द निरनिराळ्या तोंडांतून ऐकू येतो. कधी साध्या मराठीत, कधी तेलुगू वळणाच्या, तर कधी कन्नड हेल असलेल्या मराठीत. तो शब्द म्हणजे झीज. कोणाचे गुडघे झिजलेले असतात, कोणाचे मणके, आणि कोणाची, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, सगळीच हाडे. सहाण झिजते, उंबरा झिजतो, जात्याची तळी झिजते. तसे वय झाले की हाडही झिजते, असा या शब्दामागचा समज आहे, आणि झिजले ते पुन्हा भरून येत नाही, हा त्याच समजाचा दुसरा भाग आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील संशोधनाने नेमका हा दुसरा भाग खोडून काढला आहे.

त्याआधी एक गल्लत दूर करायला हवी, कारण या एका शब्दात दोन वेगळे आजार कोंबले गेले आहेत. गुडघ्याची झीज म्हणतात ती मुख्यतः हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चेची झीज असते. ती दुखते, सुजते, जिना चढताना जाणवते. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे आतून विरळ आणि ठिसूळ होण्याचा आजार, मात्र दुखत नाही. त्यामुळे गुडघा दुखतो म्हणून वर्षानुवर्षे कॅल्शियमच्या गोळ्या घेणारी बाई कूर्चा काही परत मिळवत नाही, आणि जिला खरोखर हाडांची तपासणी हवी असते ती दुखत नाही म्हणून दवाखान्याची पायरी चढत नाही. तिचा आजार पहिल्यांदा कळतो तो बहुधा न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडल्यावर. मणक्यांचे तर त्याहून विचित्र आहे, कारण मणका दबून मोडल्याच्या सुमारे दोन तृतीयांश घटना कोणाच्या लक्षातही येत नाहीत. आजीचा हात पूर्वी फळीवरच्या डब्याला सहज पोचत असे, आता पोचत नाही, याला घरातले लोक वय म्हणतात. परंतु तरुणपणीच्या उंचीपेक्षा चारेक सेंटिमीटर उंची कमी झाली असेल, तर मणके आधीच मोडलेले असण्याची शक्यता डॉक्टर गृहीत धरतात.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा हाडाचा छेद; मधाच्या पोळ्यासारखी जाळी.)

हाड ही जिवंत ऊती आहे. त्यात ठिकठिकाणी सतत खोदकाम चाललेले असते. एका जातीच्या पेशी जुने हाड विरघळवून खड्डा करतात आणि दुसऱ्या जातीच्या पेशी मागाहून येऊन तो खड्डा नव्या हाडाने भरतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी असा नवा होतो. खोदाईला दोन-तीन आठवडे पुरतात, भरणीला मात्र तीन-चार महिने लागतात. रस्ता एका रात्रीत उकरला जातो आणि बुजवायला पावसाळा उलटतो, हे पाहिलेल्या सोलापूरकराला यातले मर्म वेगळे समजावून सांगायला नको. तिशीपर्यंत भरणी खोदाईच्या पुढे असते. स्त्रीची पाळी थांबली की खोदणाऱ्या पेशींना आवर घालणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते, एकाच वेळी अनेक ठिकाणी खोदाई सुरू होते, आणि भरणाऱ्या पेशी मागे पडतात. म्हणून पाळी थांबल्यानंतरची पहिली काही वर्षे हाडांच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात.

(दृश्य: शहराचा पूर्व भाग. घराच्या दारात बसून विड्या वळणाऱ्या स्त्रिया. त्यानंतर कुंभारीचे विडी कामगार घरकुल.)

सोलापूरच्या पूर्व भागात आणि कुंभारीजवळ २००६ मध्ये वसलेल्या गोदूताई परुळेकर विडी कामगार घरकुलातील दहा हजार घरांत हीच वर्षे कशी जातात, हे पाहण्यासारखे आहे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवून मापात कापलेली टेंभुर्णीची पाने आणि दोऱ्याचे रीळ, एवढ्या सरंजामावर बाई सकाळपासून बसते, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळत असल्यामुळे उठण्याचा प्रत्येक क्षण तिच्या खिशातून जातो. कष्ट प्रचंड आहेत, मात्र हाडाच्या भाषेत त्यांना भार म्हणत नाहीत. बोटे, डोळे आणि कंबर शिणतात. खुब्याच्या आणि मणक्यांच्या हाडांवर जोर येईल असे त्या कामात काही नाही.

हाडाला किती भार पुरतो, याचे उत्तर १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दिले होते आणि ते आजही चकित करते. रुबिन आणि लॅनियन या संशोधकांनी कोंबड्यांच्या पंखातील एका हाडावर रोज ठरावीक वेळा दाब दिला. दिवसाला चार वेळा दाबलेले हाड घटले नाही, छत्तीस वेळा दाबलेले हाड वाढले, परंतु अठराशे वेळा दाबलेले हाड छत्तीस वेळा दाबलेल्यापेक्षा अधिक वाढले नाही. म्हणजे हाडाला थोडा, पण जोरकस आणि बदलता भार कळतो. तोच तो भार दिवसभर देत राहिल्यास ते त्याकडे दुर्लक्ष करते. यंत्रमागापुढे बारा तास उभे राहणाऱ्या कामगारालाही त्यामुळे उभे राहण्याचा फारसा लाभ मिळत नसावा, असे मला वाटते. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेआधी नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलण्याचा सराव करणाऱ्या तरुणांच्या हाडांना मिळतो तो भार याच्या उलट जातीचा आहे.

हा भार ओळखतो कोण, याचा उलगडा एका दुर्मीळ आजारातून झाला. दक्षिण आफ्रिकेतील काही डच वंशाच्या कुटुंबांत आणि नेदरलँड्समधील उर्क या मच्छीमार गावात अशी माणसे आढळत, ज्यांची हाडे असामान्य जाड असत. ती सहजी मोडत नसत, पण कवटीच जाड होत गेल्याने चेहऱ्याच्या आणि कानाच्या नसा दबून बहिरेपणा येई. २००१ मध्ये या लोकांच्या जनुकातील दोष सापडला. हाडाच्या आत गाडल्या गेलेल्या, एकमेकींना बारीक तंतूंनी जोडलेल्या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन तयार करतात आणि ते भरणाऱ्या पेशींना ‘आता पुरे’ असा निरोप देते. या कुटुंबांत तो निरोपच निघत नव्हता. हाडावर भार पडला की स्क्लेरोस्टिन कमी होते, आणि माणूस अंथरुणाला खिळला की ते वाढते. पेशींना भार कळतो, याचा अर्थ इतका ठोस आहे. याच प्रथिनाला अडवणारे रोमोसोझुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाले. ते महिन्याला एकदा, असे वर्षभर देतात. मागील वर्षभरात हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्यांना ते देत नाहीत, आणि वर्ष संपल्यावर मिळवलेले हाड टिकवण्यासाठी दुसरे औषध सुरू करावे लागते.

अधिक परिचित आहे ते दर सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅब हे इंजेक्शन. ते खोदणाऱ्या पेशी तयारच होऊ देत नाही आणि चांगले काम करते. अडचण ते थांबवल्यावर येते. बरे वाटू लागले, पैसे आटले, मुलाची बदली झाली, अशा अगदी घरगुती कारणांनी एखादी मात्रा चुकते, आणि त्यानंतरच्या महिन्यांत काही रुग्णांचे एकामागून एक मणके मोडतात. असे का होते, याचे एक संभाव्य उत्तर २०२१ मध्ये सिडनीच्या गार्व्हन संस्थेतील संशोधकांनी दिले. जिवंत उंदरांच्या हाडात सूक्ष्मदर्शकाने डोकावताना त्यांना दिसले की खोदणारी मोठी पेशी काम संपल्यावर मरतेच असे नाही. ती फुटून तिच्या लहान पेशी होतात, त्या जवळपास थांबतात आणि पुन्हा एकत्र येऊन खोदाईला लागतात. औषध चालू असताना अशा पेशी साठत जातात आणि औषध उठताच सगळ्या एकदम कामावर येतात, असे हे चित्र आहे. निष्कर्ष उंदरांवरचा आहे, हे विसरता येत नाही. डेनोसुमॅब सुरू असलेल्या व्यक्तीने मात्र त्यातून एवढे नक्की घ्यावे की पुढचे औषध ठरल्याशिवाय ते परस्पर बंद करू नये.

(दृश्य: अंगणातील ऊन, एका मुलाची लांब पडलेली सावली.)

सोलापुरात ऊन कमी आहे, असे कोणी म्हणणार नाही. तरीही ड जीवनसत्त्वाची कमतरता येथे सर्रास आढळते, आणि या कोड्याचा पहिला धागा महाराष्ट्रातच सापडला होता. नाशिक येथे काम करणारे डॉक्टर हचिसन आणि त्यांचे सहकारी शाह यांनी १९२२ मध्ये असे नोंदवले की मुडदूस, म्हणजे मुलांची हाडे मऊ पडून वाकण्याचा आजार, शेतात राबणाऱ्या गरिबांच्या मुलांत क्वचित दिसतो आणि पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांत पुष्कळ दिसतो. अन्न ज्यांचे बरे, आजार त्यांनाच. फरक उन्हाचा होता. आज पडदा नसला तरी सुपावरचे काम सावलीतच चालते. सकाळी सातचे कोवळे ऊन बाळाला दाखवण्याची आपली पद्धत सुखाची आहे, परंतु ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्या तिरप्या उन्हात जवळजवळ नसतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते, त्या वेळचे ऊन कामाचे. सोलापूरच्या वैशाखात ते कोणी अंगावर घेणार नाही, पण मार्गशीर्ष-पौषात अकराच्या सुमारास दहा-पंधरा मिनिटे सहज घेता येते.

गोळ्यांबाबत मात्र जरा तोलून बोलावे लागते. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर झालेल्या चाचणीचा अहवाल २०२२ मध्ये आला आणि रोज दोन हजार युनिट ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांची हाडे मोडण्याचे प्रमाण घटले नाही. ही माणसे मुळात कमतरतेची नव्हती, हे वाक्य बातम्यांतून बहुतेक वेळा गळले. ज्याला कमतरता नाही त्याला गोळीने अधिक बळ येत नाही; ज्याला तीव्र कमतरता आहे त्याचे हाड मऊ होते, अंग ठणकते, जमिनीवरून उठणे जड जाते, आणि उपचाराने तो खरोखर बरा होतो.

जेवणाचा हिशोबही थोडक्यात मांडू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला रोज एक हजार मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, आणि पाळी थांबलेल्या स्त्रीला बाराशे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचा आम्हांला कितीही अभिमान असला, तरी शंभर ग्रॅम ज्वारीत ते तीस मिलिग्रॅमच्या आसपासच असते. नाचणीत साडेतीनशेच्या जवळपास. शेंगाचटणी या बाबतीत फारशी मदत करत नाही, हे सांगताना सोलापूरकर म्हणून जीव थोडा कळवळतो. तिळात कॅल्शियम हजाराहून अधिक असले, तरी त्यातील बराच वाटा सालीतल्या ऑक्झलेटला बांधलेला असल्याने अंगी लागत नाही. तरीही भोगीची तीळ लावलेली भाकरी वर्षातून एकदाच का खावी, हा प्रश्न उरतोच. दूध, दही, ताक हे अजूनही सर्वांत सरळ उत्तर आहे.

(दृश्य: बाळाला घेऊन बसलेली आई, शेजारी तिची सासू.)

अंगावर पाजणारी आई आपल्या हाडांतून बाळाला कॅल्शियम देते, आणि दूध तुटल्यावर तिचे हाड बहुतांशी भरून येते. इस्ट्रोजेन अगदी कमी असलेल्या त्या महिन्यांत तिचा सांगाडा ढासळत कसा नाही, याचा शोध कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतील संशोधकांनी घेतला आणि २०२४ मध्ये मादी उंदरांच्या मेंदूतून स्रवणारे सीसीएन३ हे संप्रेरक पुढे आणले. पिलांना पाजत असतानाच ते तयार होते आणि हाड बांधायला लावते. माणसांसाठी त्याचे औषध अजून झालेले नाही. पण झिजलेले भरून काढण्याची सोय शरीरातच आहे, याचा याहून सुंदर पुरावा मला तरी आढळलेला नाही.

सोलापुरात मोफत हाडतपासणी शिबिरांचे फलक नेहमी दिसतात. तेथे बहुधा टाच एका लहान यंत्रात ठेवून ध्वनिलहरींनी मोजतात; तो आकडा इशारा म्हणून ठीक, निदान म्हणून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑस्टिओपोरोसिसच्या निदानासाठी १९९४ मध्ये ठरवलेली, तरुण निरोगी हाडाशी तुलना करून काढलेल्या गुणांकातील उणे अडीचची सीमा खुब्याच्या आणि मणक्यांच्या डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणाऱ्या, तपासणीसाठी आहे, टाचेच्या यंत्राला ती लागू होत नाही.

व्यायामाबद्दलची जुनी भीतीही आता मागे पडत आहे. ऑस्ट्रेलियातील १०१ स्त्रियांच्या चाचणीत, हाडांची घनता कमी असलेल्या, पासष्टीच्या आगेमागे असलेल्या निम्म्या स्त्रियांकडून आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजने उचलून घेतली. २०१८ मध्ये आलेल्या अहवालाप्रमाणे आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता जवळपास तीन टक्के वाढली, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्या स्त्रियांची घटली. देखरेख हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण मणका आधीच दबलेल्या बाईने भरलेली कळशी वाकून उचलणे म्हणजे ही चाचणी नव्हे.

आणि औषध किती लागते, याचे एक उत्तर २०२५ च्या जानेवारीत न्यूझीलंडहून आले. पाळी थांबून फार काळ न झालेल्या, पन्नास ते साठ वयाच्या १,०५४ स्त्रियांपैकी एका गटाला झोलेड्रोनेट हे शिरेतून द्यायचे औषध दहा वर्षांत केवळ दोनदा, पाच वर्षांच्या अंतराने दिले, तेव्हा मणके मोडण्याचे प्रमाण औषध न मिळालेल्या गटात ११.१ टक्के, तर या गटात ६.३ टक्के राहिले. एकदाच औषध दिलेल्या तिसऱ्या गटातही ते ६.६ राहिले. या स्त्रियांपैकी कोणालाही तेव्हा ऑस्टिओपोरोसिस नव्हता.

(दृश्य: पुन्हा दवाखान्याचा व्हरांडा.)

या वयाच्या स्त्रिया या बाकावरही रोज असतात. त्या सासूला किंवा आईला घेऊन आलेल्या असतात. हातात जुने एक्स-रे, पिशवीत पाण्याची बाटली, आणि केसपेपरवर नाव दुसरीचे.