सायबाच्या वाटेवर, सायकलवरून

श्रोतेहो, नमस्कार.

मी ठाण्यातल्या एका पॅरिशमध्ये धर्मगुरू आहे. धर्मगुरूचं आयुष्य बहुतेक यजमानाचं असतं. लोक आमच्याकडे येतात, बाप्तिस्म्याला, लग्नाला, मयताला, नाहीतर नुसत्या दाखल्यावरच्या सहीला. दार आम्ही उघडतो, खुर्ची आम्ही देतो आणि बोलतोही आम्हीच. समोरचे ऐकून घेतात, कारण मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली उपासना, चालू असताना उठून जाणार कुठे! २०२४ च्या नोव्हेंबरात मात्र मी मित्रांबरोबर ठाण्याहून जुन्या गोव्यापर्यंत सायकलने गेलो आणि त्या वाटेवर दिवसचे दिवस दुसऱ्यांच्या दारात उभा राहिलो. आज त्याविषयी बोलायचंय.

निमित्त होतं संत फ्रान्सिस झेवियर, म्हणजे लोकांचा 'गोंयचो सायब', यांच्या शवप्रदर्शनाचं. दहा वर्षांनी एकदा त्यांचं पार्थिव बॉम जेझू बॅसिलिकातून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये आणतात. या खेपेला २१ नोव्हेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत ते तिथे होतं. हा माणूस नावार प्रांतातला, आजच्या स्पेनमधला. १५४२ मध्ये गोव्यात उतरला, तेव्हा त्याने मुक्काम केला तो इस्पितळात, रोग्यांच्या शेजारी. पुढची दहा वर्षं तो कुठेच स्थिर राहिला नाही. आमच्या वसईलाही येऊन गेला. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर, आत शिरायची वाट बघता बघता वारला. गोव्यात त्याचा देह पोचला १५५४ मध्ये. तो आयुष्यभर पाहुणाच होता, हे मला प्रवचनं देताना ठाऊक होतं. सायकलवर ते पटलं.

आमच्या टोळीत ख्रिस्ती दोघेच. बाकी एक इतिहासाचे सर, एक सायकल दुरुस्तीवाला आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका. या काकांच्या घरात पंढरीची वारी पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यामुळे यात्रा म्हणजे काय हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती, उलट तेच मला सांगत होते. माझ्या कॅरियरवरच्या पिशवीत एका बाजूला मिस्सेचं सामान, म्हणजे छोटा चषक, ओस्तींची, म्हणजे प्रसादाच्या पातळ चकत्यांची डबी, द्राक्षारसाची चिमुकली बाटली. दुसऱ्या बाजूला ट्यूब, पंक्चरची पानं, साखळीच्या तेलाची बाटली. दोन्ही बाटल्या साधारण एकाच मापाच्या. दुरुस्तीवाल्याने तेलाच्या बाटलीला लाल चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाला, "फादर, चर्चमध्ये घोळ नको."

पहाटे कळव्याचा पूल ओलांडला. तिथे खाडीवर सरांनी सायकल थांबवून आठवण काढली ती १३२१ सालची. चार फ्रान्सिस्कन साधू जायला निघाले होते पुढे, पण जहाजाने त्यांना ठाण्यात आणून सोडलं. इथल्या एका ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते ठाण्यात मारले गेले. पुढे ओडोरिक नावाचा दुसरा साधू आला आणि त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेला. त्या चौघांबद्दल मी अनेकदा बोललोय. ज्या घराने त्यांना आसरा दिला, त्या घराबद्दल मात्र कधी बोललो नव्हतो.

ऐरोली, पाम बीच, पनवेल, पेण. वडखळ नाक्यापर्यंतच्या रस्त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. ट्रक आणि धूळ. अलिबाग सोडलं, रेवदंड्याची खाडी पार केली आणि कोर्लईत शिरलो, तिथून खरी वाट सुरू झाली. मराठ्यांनी १७४० मध्ये चौल-रेवदंडा घेतलं, पोर्तुगीज निघून गेले. पण कोर्लईचे ख्रिस्ती लोक आजही घरात पोर्तुगीजपासून घडलेली बोली बोलतात आणि ओट्यावर आले की आपल्यासारखीच मराठी. तिथे मिस्सेनंतर एका बाईने आम्हा सगळ्यांना जेवायलाच बसवलं. काका शाकाहारी, हे कळल्यावर तिने शेजारणीकडून वाटीभर आमटी आणली. कुणाचे कोण, कुठून आलात, हे विचारलं ते जेवण झाल्यावर.

कोकणचा सागरी रस्ता ज्याने मोटारीतून पाहिलाय त्याला तो सुंदर वाटतो. सायकलवाल्याला तो दात दाखवतो. प्रत्येक गाव खाडीच्या तोंडाशी, आणि दोन गावांच्या मध्ये सडा. म्हणजे गावातून निघालं की आधी चढ, वर उघडा कातळ, सावलीचं नाव नाही, मग उतार, आणि उताराच्या शेवटी पुन्हा खाडी. मध्ये खाड्या ओलांडायला फेरीबोटी आहेत. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. त्या बोटींवर जी काही मिनिटं मिळायची तेवढाच विसावा. चढावर बोलायला श्वास उरत नाही, हे ज्याचा धंदाच बोलण्याचा त्याच्यासाठी फार बरं असतं. मी जपमाळ म्हणायचा बेत केला होता. निम्मा चढ होईतो शब्द संपायचे, नुसते मणी उरायचे.

दाभोळच्या बोटीत सरांनी मला जो प्रश्न विचारला तो तुमच्यापैकी काहींच्या मनात असेल. म्हणाले, "फादर, ज्याच्या दर्शनाला चाललो आहोत, त्यानेच गोव्यात इन्क्विझिशन आणा म्हणून राजाला लिहिलं होतं ना?" बाकीचे गप्प झाले. मी म्हटलं, हो. १५४६ चं पत्र आहे. इन्क्विझिशन, म्हणजे लोकांची श्रद्धा तपासून शिक्षा देणारं चर्चचं न्यायासन, बसलं १५६० मध्ये, तोवर झेवियर जाऊन आठ वर्षं झाली होती. पण मागणी त्याची होती, आणि पुढे त्या न्यायासनाने ख्रिस्ती, हिंदू, ज्यू अशा कित्येकांना छळलं, ते अखेरचं बंद झालं १८१२ मध्ये. संत झाला म्हणजे त्या माणसाचं सगळंच बरोबर होतं असं चर्चही म्हणत नाही, आणि चर्चने म्हटलं असतं तरी मी म्हटलं नसतं. सर म्हणाले, "मग तुम्ही का जाता?" मी म्हटलं, कुष्ठरोग्यांच्या शेजारी बसणारा माणूसही तोच होता, म्हणून. सरांना हे उत्तर पुरलं नाही. मलाही पूर्ण पुरत नाही. बोट धोपाव्याला लागली, चढ सुरू झाला आणि चर्चा तिथेच थांबली, पण सर माझ्याबरोबर गोव्यापर्यंत आले.

देवगड ओलांडून मालवणच्या बाजूला जाताना एका सड्यावर आमचं पाणी संपलं. उताराआधी एक घर दिसलं. पुढ्यात नुकतंच सारवलेलं खळं, ओलं असल्यामुळे पाय ठेवायची पंचाईत. आम्ही कडेलाच उभे राहिलो. मदत मागणं किती अवघड असतं हे मला तिथे कळलं. घसा कोरडा, तरी "पाणी द्या" हे दोन शब्द कोण आधी म्हणणार म्हणून आम्ही एकमेकांकडे बघत होतो. माझ्या दारात येणारे लोक असेच उभे राहत असतील. आतून एक म्हातारी आली. काही न विचारता तांब्या आणि गुळाचा खडा पुढे केला. मग विचारलं, "खंयसून इलात?"

"ठाण्यासून," काका म्हणाले. त्यांचं आजोळ तळकोकणातलं.

"नि खंय चललात?"

"गोंयच्या सायबाच्या दर्शनाक."

तिने हात जोडले. "सायबाक माझो पण नमस्कार सांगा," म्हणाली. आणि मग माझ्या सायकलीकडे बघत, "पण यात्रेक चालत जातत मां? ही सायकल कशाक?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काका पोट धरून हसले.

आरोंदा, रेडी, तेरेखोल, आणि एकदाचं गोवं. जुन्या गोव्यात रांग होती, ऊन होतं, गर्दीत सिंधुदुर्गातून आणि बेळगावकडून चालत आलेले लोक होते, पायांना फोड, खांद्यावर क्रूस. धर्मगुरू म्हणून ओळख सांगितली असती तर पुढे जाता आलं असतं का, हे मी विचारलंच नाही. पेटीसमोर उभं राहायला मिळतं ते काही क्षण. मी म्हातारीचा नमस्कार पोचवला. माझं स्वतःचं मागणं त्या घाईत राहून गेलं. सर माझ्या मागे होते, तेही हात जोडून उभे होते. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

परत रेल्वेने आलो, सायकली लगेजच्या डब्यात. गाडीत काकांनी जाहीर केलं, "फादर, आता आषाढीला पंढरपूर. तुमच्या देवाकडे आम्ही आलो, आता पाळी तुमची." मी लगेच हो म्हटलं. दुरुस्तीवाल्याने मध्ये बोरघाट आणि दिवे घाट आहेत याची आठवण करून दिली, आणि तेलाच्या बाटलीची पट्टी निघत आलीय, ती बदलावी लागेल, असंही सांगितलं.

नमस्कार.